अप्पांची तीन औषधे

आमच्या खोलीतल्या कोनाड्यात तीन औषधे असत. एक बाटली, एक चिनी मातीची बरणी आणि एक पत्र्याची डबी. बाटली धर्मादाय दवाखान्यातली, बरणी तळ्याच्या बाजूला बसणाऱ्या एका हकिमांची, आणि डबी टपालाने आलेली. तिन्ही औषधे माझे वडील घेत. त्यांना मी अप्पा म्हणत असे. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट होते. कोनाडा दारासमोरच होता, त्यामुळे जाता-येता ती तिन्ही माझ्या नजरेस पडत. तरी ती एकत्र खाली काढून कोणी पाहिली नव्हती, मीही नाही. ती काढली गेली त्या दिवशी अप्पा मला ओळखत नव्हते.

ही हकीकत तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. थंडी संपून उन्हे तापू लागली होती, एवढे नक्की आठवते, कारण दुपारी चाळीचे पत्रे कडकड वाजू लागले होते.

आम्ही दोघेच राहत होतो. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. बहीण लग्न होऊन विजापूरकडे गेली होती. माझे लग्न झाले नव्हते. गिरणीच्या मागच्या अंगाला असलेल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अप्पांची बाज, मागच्या खोलीत चूल आणि माझी वळकटी. चूल क्वचित पेटे. शेजारच्या खोलीत विड्या वळणाऱ्या एक बाई राहत. त्या अप्पांना दोन वेळच्या भाकऱ्या आणि आमटी करून देत. मी खानावळीत जेवत असे.

अप्पांनी गिरणीच्या घडीखात्यात एकतीस वर्षे काढली. त्यांचे काम कापड तपासण्याचे होते. टेबलावरून कापडाचा ताका पुढे सरके आणि अप्पा त्याच्याकडे पाहत उभे राहत. कुठे आडवा धागा तुटलेला असे, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. दोष दिसला की ते हात वर करत, ताका थांबे, आणि त्या जागी काठाला लाल दोरा बांधून ते ताका पुढे सरकवण्याची खूण करत. सुटा धागा असला तर चिमटीने उपसून काढत. दोष पाहून तो कोणत्या साच्यावर, म्हणजे मागावर, झाला असेल हे ते सांगत, आणि बहुधा ते बरोबर निघे. गिरणीने निरोप दिला त्या दिवशी त्यांना नारळ आणि उपरणे मिळाले. लाल दोऱ्याचे रीळ त्यांच्या खिशात चुकून राहिले होते. ते परत द्यायला ते दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा पहारेकऱ्याने राहू द्या म्हणून सांगितले.

मी एका साप्ताहिकात काम करत होतो. कोर्टातल्या आणि बाजारातल्या बातम्या आणणे, आलेला मजकूर सुधारणे आणि मुद्रिते तपासणे ही माझी कामे. सकाळी आठला निघून मी संध्याकाळी आठला परत येई. घरी आल्यावर आमच्यात जे बोलणे होई ते जवळजवळ रोज तेच असे.

"जेवलास?"

"जेवलो."

"दार ओढून घे."

शनिवारी मी ताजा अंक घरी आणत असे. अप्पा तो शेवटच्या पानापासून वाचायला घेत. शेवटच्या पानावर जाहिराती असत. जाहिरातींची अक्षरे मोठी असतात म्हणून ते तिथून सुरुवात करतात, असा माझा समज होता.

दवाखान्यातले औषध सर्वांत जुने. अप्पांच्या पोटात मुरडा येई. त्यावर तिथले मिक्श्चर त्यांना लागू पडले होते. दवाखाना नवाला उघडे, पण लोक सातपासूनच आपापली रिकामी बाटली पायरीवर लावून ठेवत. बाटल्यांची रांग हीच माणसांची रांग. बाटली लावली की माणूस समोरच्या लिंबाखाली जाऊन बसायला मोकळा. अप्पांच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या हाती जायला नको.

मी तिथे एकदाच गेलो, तेही कामासाठी. दवाखान्याला नवी पडवी बांधली होती, तिची बातमी करायची होती. लिंबाखाली आठ-दहा म्हातारी माणसे बसली होती आणि मध्ये अप्पा बोलत होते. मी थोडा लांब उभा राहिलो. त्यांची बाटली पुढे सरकली तेव्हा ते उठून खिडकीशी गेले.

खिडकीतून कंपाउंडर म्हणाला, "या मामा. काय, आजचा ताका पास का नापास?"

अप्पांनी बाटली उजेडात धरली. "नापास. मागल्या खेपेपेक्षा रंग फिका हाय. पाणी वाढवलंय तुम्ही."

"पाणी न्हाई मामा, मन वाढवलंय. मोठ्या मनानं दिलंय की."

"मन पोटाला लागत न्हाई. औषध घाला."

लिंबाखालची माणसे हसली. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मामा बोलले म्हंजी खोट असनारच की. त्यांची नजर हाय ती."

अप्पा हसत होते. ते विनोद करतात हे मला ठाऊक नव्हते. मी त्यांना हाक मारली नाही. पडवीची लांबी-रुंदी विचारून घेतली आणि छापखान्यात गेलो.

काही महिन्यांनी त्यांची झोप उडाली. तोंडाला कोरड पडू लागली, छाती धडधडू लागली. हे दवाखान्यातल्या औषधानेही होत असेल असे कोणाच्या मनात आले नाही. त्यांनी ते दवाखान्यात सांगितलेही नाही. ते हकिमांकडे गेले. हकीम वयाने त्यांच्याच बरोबरीचे होते. दर शुक्रवारी दुपारी अप्पा त्यांच्या बाकावर तासभर बसत आणि येताना बरणीतून चाटण घेऊन येत. काळपट, गोड, थोडे कडसर. बोटभर चाटले की झोप लागे.

मी एकदा विचारले, "दवाखान्याचं औषध चालू आहे, हे हकिमांना सांगितलंय का?"

"कशाला?" अप्पा म्हणाले. "भला माणूस हाय. त्यास्नी वाटंल माझ्यावर भरवसा न्हाई."

"आणि दवाखान्यात?"

"तिथं तरी कशाला? कंपाउंडर म्हणंल, मामा, आमचं औषध घेऊन दुसऱ्याच्या दारात बसता व्हय?"

त्यांनी हे इतक्या सहज सांगितले की मला त्यात वावगे वाटले नाही. ज्याने आपल्यासाठी बाटली भरली त्याला दुसऱ्याच्या बरणीची गोष्ट सांगायची नाही, ही त्यांची भीड होती. आमच्या चाळीत बहुतेक वडीलधारी माणसे तशीच वागत. मी पुढे काही विचारले नाही. बातमीदारीत मी शिकलो होतो की पहिल्या उत्तरावर थांबू नये. घरी मी थांबलो.

तिसरे औषध माझ्यामार्फत आले. परगावच्या एका कारखानदाराने दम्याच्या धुरीची जाहिरात पाठवली होती. पत्र्याच्या डबीतली पूड बशीत पेटवायची आणि धूर छातीत ओढायचा. जाहिरातीचे मराठी इतके वाईट होते की ते तसे छापणे शक्य नव्हते. मालक, जे आमचे संपादकही होते, म्हणाले, "जरा माणसात आण हे." मी अर्ध्या तासात मजकूर नीट केला. शेवटी एक ओळ कमी पडत होती, चौकट भरत नव्हती. मी लिहिले: "उतारवयातील माणसांनी निर्धास्त वापरावे, वृद्ध प्रकृतीस विशेष मानवते." मूळ मजकुरात म्हाताऱ्या माणसांचा उल्लेखही नव्हता. मला त्या पुडीत काय आहे हे माहीत नव्हते. चौकट भरली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी डबी टपालाने घरी आली. अप्पांना हिवाळ्यात थोडी धाप लागे, नाही असे नाही. मी डबी पाहिली आणि एवढेच म्हणालो, "हे कधी मागवलंत?"

"मागवलं," ते म्हणाले.

जाहिरात चार जणांवर चालते तशी त्यांच्यावर चालली, असे मी धरून चाललो.

माघ संपता संपता अप्पांना वाचता येईना. अक्षरे पसरतात म्हणाले. चष्मेवाल्याने काच बदलून दिली, तरी उपयोग झाला नाही. तोंडाला सारखे पाणी लावत. चेहरा लालसर दिसे. ते पाहून चाळीतली माणसे म्हणत, मामा ताजेतवाने झाले. दवाखान्यात मात्र ते पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले. एकदा पहाटे निघाले, तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांना जिन्यावरून परत आणले.

मग ते गोधडी तपासू लागले.

बाजेवर बसून ते गोधडी मांडीवर घेत, तिच्यावरून हात फिरवत, आणि चिमटीने काहीतरी उपसून बाजूला टाकत. तिथे धागा नसे. पुन्हा हात फिरे, पुन्हा चिमूट. कधी थांबत, खिशातले रीळ काढून काठाला लाल दोरा बांधत आणि गोधडी पुढे सरकवत. हे घडीखात्यातले हात होते. ती चिमूट, तो दोरा, ते सरकवणे मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाई तेव्हा पाहिलेले होते. चाळीत निम्मी माणसे गिरणीतली. कोणाला काही विचित्र वाटले नाही. उलट दारात उभे राहून थट्टा चाले.

"मामा, पेन्शनीत बी ड्यूटी? मालक जादा देतोय का काय?"

"माझी बी चादर बघा की मामा, लई भोकं हायती."

अप्पा मान वर करत नसत. त्यांनी बोलणे कमी केले होते, पण आमच्या घरात ते लक्षात येण्याजोगे नव्हते. एकतीस वर्षांची सवय हाताला आठवते आहे, असे मला वाटले. गिरणी नसलेल्या गावात एखाद्या म्हाताऱ्याने हवेतले धागे उपसले असते तर लोकांनी वैद्य बोलावला असता. आम्हाला त्यात काम दिसले.

मी त्यावर चार ओळी लिहिल्या. आमच्या साप्ताहिकात गावातल्या गमतीचे एक सदर असे. अंकात जागा उरली होती. "एक निवृत्त कापड-तपासनीस घरच्या गोधडीतही दोष शोधतात व काठास लाल दोरे बांधतात, असे समजते. अशी निष्ठा आजच्या कामगारांत दिसती तर गिरणीमालक सुखी होते." नाव दिले नव्हते. मालकांना ते आवडले. खिळे जुळवणारा जुळारीही हसला.

आमच्याकडे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर आरोग्यावर लेख देत. ते स्वतः हाताने लेख आणून देत आणि अक्षर लागते का, एवढे विचारून जात. त्या सोमवारी ते आले तेव्हा त्यांच्या हातात शनिवारचा अंक होता. त्यांनी लेख टेबलावर ठेवला आणि विचारले, "हे गोधडीवाले गृहस्थ कोण?"

"ओळखीतले आहेत," मी म्हणालो.

"वय?"

"सत्तरीच्या आत."

"पाणी फार मागतात का? जीभ कोरडी?"

मी म्हणालो, "हो."

"वाचता येईनासं झालंय? चेहरा लाल?"

मी मान डोलावली. डॉक्टरांनी छत्री उचलली. "ते काम करत नाहीत. हे असले धागे मी पुष्कळ रोग्यांच्या अंथरुणावर पाहिलेत. चला. कुठं राहतात?"

"माझे वडील आहेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि टांग्याला हात केला.

खोलीत अप्पा बाजेवर होते. गोधडीच्या एका काठाला इतके दोरे बांधलेले होते की तो काठ लाल दिसत होता. डॉक्टरांनी त्यांचे तोंड उघडायला लावले. जीभ लाकडासारखी होती. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेच दिसत होते. मी वाकून म्हणालो, "अप्पा, मी आलोय."

ते माझ्याकडे पाहून आदराने थोडे सरकले. "साहेब," ते म्हणाले, "हा ताका पुढं धाडू नका. सगळा खराब हाय. चूक माझी न्हाई, साच्यातच खोट हाय."

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि मागे वळून विचारले, "लघवी कधी झाली?"

शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कालच्यानं उठलेच न्हाईत की. मी म्हनलं बी, मामा, जाऊन या. म्हनले, ताका संपू दे. मी म्हनलं, संपला की जातील." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिले. "मी हसले हो अण्णा. मला काय ठावं?"

डॉक्टरांनी बॅगेतून रबरी नळी काढली आणि बाईंना पाणी उकळायला सांगितले. अर्ध्या तासाने अप्पांचे पोट मऊ झाले. हात मात्र थांबले नाहीत.

मग डॉक्टर म्हणाले, "हे काय काय घेतात? घरातलं सगळं काढा. चूर्ण असलं तरी."

मी कोनाड्यातून बाटली, बरणी आणि डबी काढून उंबऱ्याजवळ उजेडात ठेवली. डॉक्टरांनी बाटली हुंगली, चाटणाला बोट लावले, पूड तळहातावर घेऊन पानांचे तुकडे वेगळे केले. "डबीतलं मला कळलं. धोत्र्याची पानं आहेत. उरलेल्या दोघांना विचारून या. भांडायला जाऊ नका. फक्त काय घातलंय ते विचारा. मी इथं बसतो."

कंपाउंडरने माझे ऐकता ऐकता हातातले माप खाली ठेवले. "पोटाच्या कळेला आहे ना ते. बेलाडोना आहे त्यात, थोडंच. आमचे डॉक्टर सगळ्यांना देतात. मामांना दुसरं काही चालू आहे, हे कुणी बोललं न्हाई." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मागल्या आठवड्यात त्यांची बाटली होती पायरीवर. मी हाक मारली तर मामा उठलेच न्हाईत. लिंबाखाली बसून उपरण्यातले धागे काढत होते. मला वाटलं, रुसले."

हकीम दुकान आवरत होते. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी मला बाकावर बसवले. अप्पा बसत तीच जागा असावी. लाकूड तिथे गुळगुळीत झाले होते.

"खुरासानी ओवा है उसमें," ते म्हणाले. "नींद के वास्ते. एक बोट, बस्स. जास्ती नक्को बोल्या मैं. उनो दवाखाने का पानी पीते बोलके मेरेकू बोलेच नै. धुवाँ बी लेते? या अल्ला." त्यांनी माझा हात धरला. "सालभर से आते, बाबा. घर के बातां करते, तुम्हारे बातां करते. इत्ता एक बात नै बोले."

मी परत आलो आणि डॉक्टरांना सांगितले. त्यांनी तिन्ही औषधे शेजारी शेजारी सरकवली.

"तीन दारं, तीन नावं," ते म्हणाले. "पण वनस्पती एका कुळातल्या आणि गुण एकच. तोंड सुकवायचं, डोळे फाकवायचे, लघवी कोंडायची, डोकं फिरवायचं. तरण्या माणसाला यातलं एखादं थोडं पचून जातं. या वयाला एकसुद्धा जपून. यांनी तिन्ही घेतली."

"आता काय द्यायचं?"

"काही नाही. द्यायचं थांबवायचं. चमच्यानं पाणी पाजा. अंगातून उतरेल, उतरलं तर."

"आणि नाही उतरलं तर?"

त्यांनी छत्री घेतली. "मी उद्या सकाळी येतो," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी छापखान्यात गेलो नाही. अप्पांशेजारी इतका वेळ मी त्यापूर्वी कधी बसलो नव्हतो. ते मला साहेब म्हणत, कधी एखाद्या जुन्या सोबत्याच्या जागी मला धरून गिरणीतल्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींत मीही होतो. "आमचं पोरगं छापखान्यात असतंय," ते त्या सोबत्याला सांगत होते. "लई हुशार. बोलत न्हाई, पन लिहितंय झकास." मी चमच्याने पाणी देत होतो. मी कोण हे त्या वेळी त्यांना सांगून उपयोग नव्हता. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत, नळी घालत आणि डोळे बघून जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी गोधडीकडे पाहिले. "हे दोरे कुणी बांधले?" त्यांनी विचारले. मग माझ्याकडे पाहिले. "तू अजून गेला न्हाईस?"

मी त्यांना सारे क्रमाने सांगितले. बातमी सांगावी तसे सांगितले, कारण मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नव्हते. त्यांनी मध्ये एकदाच अडवले.

"म्हंजी तू दोघांकडं बी गेलास? कंपाउंडरला हकिमांचं सांगितलंस?"

"सांगावं लागलं."

"आणि हकिमांना?"

"त्यांनाही."

अप्पांनी डोळ्यांवर हात घेतला. जीव वाचला हे त्यांच्या मनात आलेच नसावे. "आता कुठल्या तोंडानं जाऊ मी?" ते म्हणाले.

ते गेले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांना हिंडता-फिरता येऊ लागले, अक्षरे दिसू लागली. मुरडा अधूनमधून येई. त्यावर डॉक्टरांनी ताक आणि पथ्य सांगितले होते. धाप होती तशीच होती. झोप लागत नसे. डॉक्टरांच्या मते ती या वयात थोडी कमीच असायची. कोनाडा रिकामा झाला होता. तिथे चष्म्याचे घर ठेवले.

कंपाउंडरने माझ्याकडे निरोप दिला, "मामांना म्हणावं नुसते बसायला या. लिंबाखाली सगळी विचारतात. ती म्हातारी तर म्हणते, मिक्श्चरला आता कुणी नापासच करत न्हाई." मी निरोप पोहोचवला. अप्पा म्हणाले, "रिकामी बाटली लावून रांगेत बसायचं? लोक काय म्हणतील?" हकिमांनी एकदा खजूर पाठवला. तो त्यांनी घेतला, शेजारच्या बाईंना अर्धा दिला, आणि शुक्रवारी दुपारी बाजेवर बसून राहिले. शुक्रवार त्यांना कळत होता. ते धोतर बदलून बसत.

पूर्वी त्यांच्या आठवड्यात दोनदा दवाखाना होता आणि एकदा हकीम. बाकीचे दिवस त्या दिवसांची वाट पाहण्यात जात असावेत. आता सातही दिवस सारखे झाले. मी सकाळी आठला निघत होतो आणि संध्याकाळी आठला येत होतो. घरी लवकर यावे असे मी दोन-तीनदा ठरवले. एकदा आलोही. आम्ही दोघे पुढच्या खोलीत बसलो. ते दाराकडे पाहत होते, मी भिंतीकडे. त्यांनी विचारले, "आज काम नव्हतं का?"

धुरीची जाहिरात दर आठवड्याला चालू होती. मी मालकांकडे गेलो.

ते म्हणाले, "जाहिरातदाराचा मजकूर आपण कसा बदलायचा?"

"शेवटची ओळ त्याची नाही," मी म्हणालो. "माझी आहे. चौकट भरायला घातली होती."

मालकांनी अंक पाहिला. "मग चौकट रिकामी दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी खांदे उडवले आणि मान हलवली. जाहिरात बंद करण्याची गोष्ट मी काढली नाही. काढली असती तरी ती त्यांनी ऐकली नसती, असे मी तेव्हा मानले. जुळाऱ्याने ती ओळ काढली. तिथे बोटभर कोरी जागा उरली.

त्या शनिवारी मी अंक घेऊन आलो. अप्पांनी चष्मा लावला, अंक उलटा करून शेवटचे पान वर घेतले आणि कंदिलाजवळ सरकले. मी सदरा खुंटीला अडकवत होतो.

"हितं एक ओळ गेलीय," ते म्हणाले.

मी वळून पाहिले. त्यांचे बोट कोऱ्या जागेवर होते.

"हो. मी काढायला लावली."

"तुझीच होती ती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतंय की." त्यांनी बोट उचलले नाही. "धागा बघून साचा सांगत होतो मी. बाकीच्या जाहिराती निरनिराळ्या हातांच्या असत्यात. मधनंच एखादी ओळ सरळ येती. ती तुझी. म्हणून मागून वाचतो. पुढच्या पानावर तू दिसतोस सगळ्यांना. मागं शोधावं लागतंय."

मी विचारले, "म्हणून मागवली होती का ती डबी?"

अंकाची त्यांनी काठाला काठ लावून घडी केली, गिरणीतल्यासारखी, आणि तो उशाखाली ठेवला. मग चष्मा काढून कोनाड्यात ठेवला.

"जेवलास?" त्यांनी विचारले.

मी खानावळीतून जेवून आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी टोपले उघडले. एकच भाकरी उरली होती. त्यांनी ती मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "दार ओढून घे," आणि मी दार ओढून घेतले.